रस्त्यावरील ईर्यासमिती

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सांगितलेल्या पाच समितींमध्ये ईर्यासमिती पहिली. मुनिमहाराज दिवसाच्या उजेडात, पुढची चार हात जमीन निरखीत पाऊल टाकतात. श्रावकाला हे व्रत पूर्णपणे पाळता येत नाही. त्याचे मर्म मात्र सायकल चालवतानाही उपयोगी पडते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे चार हात जमीन अर्ध्या सेकंदाच्या आतच मागे पडते. वेग वाढला की दृष्टीही तितकीच लांब टाकावी लागते.

सांगलीच्या गणपती पेठेत माल उतरवणाऱ्या टेम्पोचे दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. म्हणून उभ्या वाहनापासून किमान एक मीटर अंतर राखून सरळ रेषेत जावे. दोन उभ्या वाहनांमधील मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणाऱ्या सायकलस्वाराला मागचा चालक ऐनवेळी पाहतो. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. वळताना ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांहून आतल्या बाजूने येतात. अशा वाहनाच्या डाव्या बगलेत न शिरता मागे थांबावे.

साताऱ्यात प्रश्न उताराचा आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात वेग आपोआप वाढतो. उतार लागण्यापूर्वीच तो आवरावा आणि दोन्ही ब्रेक एकत्र, हलक्या हाताने दाबावेत. केवळ पुढचा ब्रेक जोराने दाबल्यास स्वार पुढे फेकला जाऊ शकतो. पावसात चाकाची कड ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो. चातुर्मासात साधू विहार थांबवतात. गृहस्थाने निदान वेग तरी कमी करावा.

सर्वांत जोखमीची वेळ तिन्हीसांजेची. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून पेढीवरून घराकडे धाव घेतली जाते आणि नेमका त्याच वेळी उजेड सरत असतो. रात्रीभोजनत्याग हा जीवरक्षणाचाच नियम आहे. तो पाळण्याच्या घाईत स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे त्या नियमाला शोभत नाही. दुकानातून पंधरा मिनिटे आधी उठावे, अथवा डबा पेढीवरच मागवावा. सायकलला मागे लाल दिवा व परावर्तक असावा.

आज अनेक घरांच्या दारात मोटार उभी असते आणि त्याच घरातील मुलगा सायकलने शिकवणीला जातो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. आरशात न पाहता मोटारीचे दार उघडणे हा प्रमादच होय. चालकाने उजव्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडण्याची सवय लावावी. त्यामुळे मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. ती सायकल कोणाच्या तरी घरच्या मुलाची असते.