रोबोट एकत्र बनवला, मग मैत्री वेगळी का?

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाचा एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले आणि वर्गातील मुले एकदम फळ्याकडे धावली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव तिथे पोहोचण्याआधी डबे हलवायचे होते. भीमरावांनी गणित सोडवलेले त्यांना चालत होते, डब्याजवळ आलेले चालत नव्हते.

हा प्रसंग आम्हाला अलीकडे पुन्हा आठवला तो एका रोबोटमुळे.

आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही काही कार्यकर्ते मिळून अभ्यासिका चालवतो. तिथे येणारा एक मुलगा आज मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील वर्कशॉपमध्ये कामाला असल्यामुळे लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग या गोष्टी त्याने पुस्तकाआधी हाताने शिकल्या. कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये निवड झाली तेव्हा त्याने अभ्यासिकेत पेढे वाटले. रोबोटिक्सची टीम म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पर्धेचा विषय जाहीर झाला की सात-आठ महिने विद्यार्थी लॅबमध्ये अक्षरशः राहतात. कोणी डिझाइन करतो, कोणी सांगाडा बांधतो, कोणी सर्किट आणि मोटर सांभाळतो, कोणी प्रोग्रॅम लिहितो. रात्री दोन वाजता एखादी मोटर जळते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. स्पर्धेच्या मैदानात मात्र मोजकेच उतरतात.

आमच्या या मुलाने रोबोटचा सगळा सांगाडा उभा केला. स्पर्धेत टीमने चांगली कामगिरी केली. परत आल्यावर दहा दिवसांनी टीम तीन दिवसांच्या सहलीला कोकणात गेली. त्याला हे कळले ते मोबाइलवर, इतरांच्या स्टेटसवरून. ज्या ग्रुपवर सहल ठरली तो ग्रुप वेगळा होता आणि त्यात तो नव्हता. नंतर विचारल्यावर उत्तर मिळाले, "अरे, कॉन्ट्री साडेतीन हजार होती. तुला जमणार नाही असं वाटलं, म्हणून विचारलं नाही."

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित आम्ही हा लेख लिहिला नसता. पण त्याच सहलीत, समुद्रावर शेकोटी भोवती बसून, पुढच्या वर्षीचा कॅप्टन कोण आणि कोणत्या विभागाचा प्रमुख कोण हे ठरले. सोबत गेलेल्या पास-आउट सिनियरने आपल्या कंपनीतल्या इंटर्नशिपसाठी दोघांची नावे तिथेच घेतली. लॅब उघडली तेव्हा सर्व काही ठरलेले होते. सांगाडा बांधणाऱ्याला सांगण्यात आले की या वर्षीही सांगाडा तूच बांध, तुझा हात चांगला आहे.

त्या रात्री त्याने आम्हाला मेसेज केला, "दादा, टीम सोडू का?"

आमची चूकही इथे कबूल केली पाहिजे. आम्ही पहिले उत्तर दिले ते असे : "त्यांच्या सहलीशी तुला काय करायचंय? तू कामाकडे लक्ष दे." आपल्या चळवळीत हा सल्ला सर्रास दिला जातो. शिका, पुढे जा, त्यांच्या पार्ट्यांच्या नादी लागू नका. वरवर तो स्वाभिमानाचा वाटतो. पण आम्ही त्यावर बसून विचार केला तेव्हा लक्षात आले की हा सल्ला अर्धवट आहे आणि तो प्रस्थापितांच्या सोयीचा आहे. घाम तुमचा, निर्णय आमचा, ही व्यवस्था त्यामुळे अबाधित राहते.

यावर लगेच एक आक्षेप येईल. मैत्री ही खासगी बाब आहे, कोणी कोणाशी मैत्री करावी याची सक्ती कशी करणार? आक्षेप बरोबर आहे. कोणाच्याही मनात घुसून मैत्री निर्माण करता येत नाही आणि आमची ती मागणीही नाही. प्रश्न वेगळा आहे. जी लॅब कॉलेजच्या जागेत आहे, जिच्या मोटरी आणि बॅटऱ्या कॉलेजच्या किंवा प्रायोजकाच्या पैशातून येतात, जिच्या प्रमाणपत्रावर उद्याची नोकरी ठरते, त्या टीमचे निर्णय खासगी शेकोटीवर होऊ शकतात का? निर्णय तिथे होणार असतील तर ती शेकोटी खासगी राहत नाही. दोन मित्र चहा प्यायला गेले, हा त्यांचा प्रश्न. पण टपरीवरच्या त्या चहात जुन्या टीमचा कोड, सिनियरच्या ओळखी, कंपनीचा फोन नंबर वाटला जात असेल, तर तिथे ज्ञान आणि संधी यांचे वाटप चालू आहे. आणि आपल्या देशात हे वाटप हजारो वर्षे जातीने केलेले आहे.

दुसरा आक्षेप : "तुम्हाला सगळीकडे जातच दिसते. त्याला पैशामुळे वगळले, जातीमुळे नाही." मग आमचा साधा प्रश्न आहे. जमणार नाही, हे न विचारता कसे ठरले? त्याच टीममध्ये आणखी एका मुलाची ओढाताण होती. त्याचे पैसे मित्रांनी भरले आणि "नंतर दे" म्हणाले. उधारीसुद्धा ओळखीच्या आडनावाला मिळते. जात आज "तू अमुक म्हणून येऊ नकोस" असे तोंडावर सांगत नाही. ती "तुला आवडणार नाही असं वाटलं" एवढेच म्हणते.

आणि हे आमच्या एका मुलाचे रडगाणे नाही. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी 2006 साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 2007 मध्ये तिचा अहवाल आला. त्या समितीने फक्त परीक्षा आणि गुणांकडे पाहिले नाही. वसतिगृह, मेस, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम यांतले एकटे पाडणेही तिने नोंदवले. वर्गाबाहेरचे आयुष्य हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे आणि भेदभाव तिथेही मोजावा लागतो, हे त्या अहवालाने दाखवले. पुढे रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूंनंतर आपण रस्त्यावर उतरलो. पण एकटेपणा शेवटच्या दिवशी सुरू होत नसतो. तो अशा छोट्या छोट्या ग्रुपमधून रोज साठत जातो. आपण तिथे वेळेवर पोहोचतो का?

स्पर्धा जिंकली की सगळे बदलेल, असेही अनेकांना वाटते. अमेरिकेतले एक उदाहरण पाहा. 2004 साली ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातील कार्ल हेडन हायस्कूलच्या चार मुलांनी पाण्याखाली चालणारा रोबोट बनवला. मेक्सिकोतून आलेल्या गरीब कुटुंबांतली ही मुले, त्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रेसुद्धा नव्हती. प्लॅस्टिकचे पाइप वापरून, थोड्याशा पैशात बनवलेल्या त्या रोबोटने सांता बार्बरा येथील स्पर्धेत एमआयटीसारख्या जगप्रसिद्ध संस्थेच्या टीमला मागे टाकले. पण दोनच वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच राज्याने मतदान घेऊन कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांची कॉलेजमधील फी-सवलत काढून घेतली. मुलांनी गुणवत्ता सिद्ध केली होती, तरी मैदानाबाहेरची भिंत तशीच उभी राहिली. फक्त गुणवत्तेने भिंत पडते असे सांगणाऱ्यांनी या मुलांकडे पाहावे.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. 1936 च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या भाषणात त्यांनी लोकशाहीला केवळ सरकारचा प्रकार मानले नाही. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत, अशी त्यांची मांडणी आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी बजावले की बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता वरवरच्याच राहतील. टीममध्ये निवड झाली म्हणजे कागदावरची समता आली. बंधुता आली की नाही, ते कळते लॅबचे शटर खाली ओढल्यावर.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातही मैत्रीला मोठे स्थान होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांच्यासोबत राहणारे नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे आयुष्यभराचे मित्र झाले आणि अडचणीच्या काळात मदतीला उभे राहिले. पण 1917 साली बडोद्यात नोकरीला गेल्यावर ज्या पारशी धर्मशाळेत बाबासाहेब उतरले होते, तिथून त्यांना काठ्या घेतलेल्या पारशांनीच बाहेर काढले. जिवलग मित्रही पारशी आणि हाकलणारेही पारशी! यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. एका चांगल्या माणसाची मैत्री अनमोल असते, पण धर्मशाळेचे दार उघडायला ती पुरत नाही. त्यासाठी दाराचा नियमच बदलावा लागतो.

म्हणून आमची मागणी "आम्हालाही सहलीला न्या" अशी केविलवाणी नाही. महाडला आपले पूर्वज केवळ तहान भागवायला गेले नव्हते. प्रश्न माणूस म्हणून बरोबरीचा होता, तसाच तो इथेही आहे.

टीमने काय करावे? निर्णय लॅबमधल्या बैठकीतच घ्यावेत आणि लिहून ठेवावेत. कॅप्टन सर्वांसमोर निवडावा. टीमच्या नावाने सहल, जेवण किंवा ट्रेक असेल तर निरोप सर्वांच्या ग्रुपवर जावा आणि खर्च सर्वांना झेपेल एवढाच असावा. सिनियरकडून येणाऱ्या इंटर्नशिपची माहिती सर्वांना एकाच वेळी मिळावी. मुलींच्या होस्टेलचे दार रात्री लवकर बंद होते आणि टीमची खरी चर्चा त्यानंतर टपरीवर रंगते, हेही थांबले पाहिजे. नाहीतर मुलींच्या वाट्याला पोस्टर आणि प्रेझेंटेशनच येत राहणार. आणि टीमची संस्कृती सगळ्यांची असावी. 2008 साली पुण्यात झालेल्या आंतरराष्ट्रीय एबीयू रोबोकॉनचा विषय 'गोविंदा' होता, दहीहंडीवर बेतलेला. रोबोटसमोर नारळ फोडणेही अनेक ठिकाणी चालते. एकाचा सण तो टीमचा सण आणि दुसऱ्याची जयंती ती मात्र "राजकारण", हा न्याय कुठला?

आता थोडे स्वतःकडे पाहू. आपली मुलेही अनेकदा आपल्याच चार जणांत बसतात. नाकारले जाण्याच्या भीतीने आधीच दार लावून घेतात. आपल्या टोळक्यात मातंग, चर्मकार, भटक्या-विमुक्त समाजातली मुले किती असतात? आदिवासी, मुस्लिम किती? मुली किती? इतरांकडे बंधुता मागताना आपल्या ग्रुपचे ॲडमिन कोण आहेत, हेही तपासावे लागेल. भगवान बुद्धांना आनंदाने म्हटले होते की कल्याणमित्रता म्हणजे अर्धे धम्मजीवन. बुद्धांनी त्याला दुरुस्त केले आणि ती संपूर्ण धम्मजीवन असल्याचे सांगितले. मैत्री ही बुद्धांनी सरावाची गोष्ट मानली. जो आपल्यासारखा नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचली तरच तिला अर्थ आहे.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी सल्ला बदलून दिला : टीम सोडू नकोस, बैठकीत बोल. तो बोलला. आवाज कापत होता, पण बोलला. निर्णय कुठे झाले आणि का, हे त्याने सर्वांसमोर विचारले. दोघे चिडले, बाकीचे गप्प बसले. प्रोग्रॅमिंगची एक मुलगी मात्र उठून म्हणाली की मलाही हे सगळं नंतरच कळलं होतं. कॅप्टन बदलला नाही. पण बैठकीची वही सुरू झाली आणि या वर्षी डिझाइनच्या चर्चेत तो बसतो.

14 एप्रिलला त्याने अख्ख्या टीमला वस्तीत बोलावले. चौघे आले. येताना जुना रोबोट घेऊन आले आणि विहारासमोरच्या अंगणात लहान मुलांच्या गराड्यात तो चालवून दाखवला. रात्री त्या मुलाच्या घरी जेवले. त्याच्या आईने वाढले, त्यांनी मागून घेतले. जाताना एकाने डब्यात भाजी बांधून मागितली.

बाकीचे का आले नाहीत, हा प्रश्न त्यांना पुढच्या बैठकीत विचारायचा आहे. रागाने नाही, पण विचारायचा नक्की. तुम्हीही आपापल्या टीममध्ये विचारा.

जय भीम!