शिंपल्यांच्या नकाशात पिल्लेही मोजा

नदीत धोक्यात आलेले शिंपले कुठे सापडतील, याचा संगणकी अंदाज बांधण्याचे तंत्र अमेरिकेत आता चांगलेच रुळले आहे. शिंपले पूर्वी जिथे आढळले त्या जागांच्या नोंदी घ्यायच्या, त्यांना तिथला उतार, प्रवाह, तळ आणि काठावरची शेती यांची माहिती जोडायची आणि तशीच परिस्थिती आणखी कुठे आहे ते नकाशावर रंगवायचे. हे काम हवेच. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती. त्यांतल्या बहुसंख्य संकटात आहेत किंवा संपल्या आहेत. २०२३ साली अमेरिकी सरकारने २१ जीवजाती नामशेष ठरवून संरक्षित यादीतून वगळल्या, त्यांत आठ शिंपल्यांच्या होत्या. गढूळ पाण्यात पाणबुड्याला तळ हाताने चाचपावा लागतो, तेव्हा अख्खी नदी अशी धुंडाळणे कुणालाच परवडणार नाही. तरीही या नकाशांत एक मोठी उणीव आहे. मोठे शिंपले कुठे आहेत एवढेच ते सांगतात. तिथे नवी पिढी वाढते आहे का, यावर ते गप्प असतात आणि निर्णय घेणारे मात्र तेही उत्तर मिळाल्यासारखे वागतात.

ही उणीव क्षुल्लक नाही, कारण शिंपल्याचे आयुष्य फार लांब असते. अनेक जाती काही दशके जगतात. युरोपातला मोती देणारा शिंपला शंभरीही ओलांडतो. त्यांच्या अळ्यांना काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहावे लागते आणि पुष्कळ जातींना ठरावीकच मासे चालतात. मिसिसिपीच्या वरच्या भागात एबनीशेल हा शिंपला एकेकाळी इतका मुबलक होता की आयोवातल्या मस्कटीनच्या बटण कारखान्यांना तो भरपूर माल पुरवत असे. त्याच्या अळ्या स्किपजॅक हेरिंग या स्थलांतरी माशावर वाढतात. १९१३ मध्ये किओककचे धरण पूर्ण झाले, माशाची वाट अडली आणि वरच्या पाण्यात एबनीशेलची पैदास जवळपास थांबली. जुने शिंपले मात्र पुढे कित्येक दशके तळाशी जिवंत राहिले. त्या काळात कुणी नकाशा केला असता, तर तो पट्टा ‘उत्तम अधिवास’ म्हणून रंगला असता. आज सापडणारा म्हातारा शिंपला पन्नास वर्षांपूर्वीच्या नदीची साक्ष देत असतो.

अंदाजाची पद्धत सुधारत नाही असे नाही. नेहमीच्या पाण्याची खोली आणि वेग यांपेक्षा पुरात तळ किती हलतो, यावरून शिंपल्यांच्या जागा अधिक चांगल्या कळतात, हे मिसिसिपीसह इतर नद्यांतल्या अभ्यासांनी दाखवले आहे. पण मुळातली नोंदच तोकडी असेल तर गणित कितीही बारकाईचे असो, फायदा नाही. सर्वेक्षणे बहुतेक पुलांजवळ होतात, कारण तिथे गाडी पोहोचते. आणि ‘शोधले, सापडले नाही’ ही मोलाची नोंद अनेकदा जतनच होत नाही.

पिल्ले शोधणे कठीण आहे, हा आक्षेप खरा आहे. पहिली काही वर्षे ती वाळू-खड्यांत गाडलेली असतात आणि तळाची वाळू चाळल्याशिवाय हाती लागत नाहीत. मात्र नकाशाचा खरा उपयोग इथेच आहे: कुठली वाळू चाळायची ते तो सांगू शकतो. शिवाय सापडलेल्या प्रत्येक शिंपल्याची लांबी आणि कवचावरची वाढीची वलये नोंदवायला वेगळी मोहीम लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिल्ले नाहीत असे जाहीर केले, तर धरणवाले आणि वाळूवाले म्हणतील, ही वसाहत मेलेलीच आहे, आम्हाला मोकळे करा. त्यांना ठाम उत्तर देता येते. म्हातारी मादी अजून अळ्या सोडत असते; तिला हवा असलेला मासा परत आला तर पिढी पुन्हा सुरू होऊ शकते. विस्कॉन्सिनमधल्या जिनोआ मत्स्यबीज केंद्रात यजमान माशांवर अळ्या चढवून दुर्मीळ शिंपले वाढवले जातात. म्हणून जिथे फक्त म्हातारे उरले आहेत, तिथे दुरुस्ती आधी व्हायला हवी, कारण उशीर झाला तर दुरुस्त करायला काहीच उरणार नाही.

आपल्याकडे तर अजून पहिला नकाशाही नीट झालेला नाही. खरे तर पॅरेशिया वंशातल्या एका शिंपल्याच्या शास्त्रीय नावातच पुण्याजवळचे खडकवासला आहे. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्रही आहे. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातून वाळू उपसली जाते तेव्हा पिल्ले जिथे वाढतात तो थरच आधी जातो. नोंदींना इथे सुरुवात होईल तेव्हा रकान्यात ‘आढळला’ एवढेच लिहून थांबू नये. त्याची लांबी, आसपासचे मासे आणि रिकाम्या हाताने परतलेली ठिकाणे हेही पहिल्या दिवसापासून नोंदवले जावे.