वन्संचं एम.बी.ए. आणि सासूबाईंचं घर

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या वन्संनी जेवताना जाहीर केलं, "वहिनी, मी एम.बी.ए.ला इंग्लंडला जाणार." वन्सं इंजिनिअर आहेत, चाकणला एका कारखान्यात खरेदीखात्यात तीन वर्षं नोकरी करतात. हुशार तर आहेतच. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि माझी तव्यावरची पोळी करपली. खर्च चाळीस लाख, आणि कर्जाला तारण म्हणून डहाणूकर कॉलनीतला आमचा फ्लॅट! कोथरूड गावाबाहेर वाटायचं तेव्हा मामंजींनी फंडातून पैसे काढून घेतलेला, आता सासूबाईंच्या नावावर असलेला.

कॉलेज सुचवलं होतं एका सल्लागाराने, तेही फुकट. अशा बऱ्याच सल्लागारांना त्यांचे पैसे कॉलेजकडून कमिशन म्हणून मिळतात. त्यात गैर असेलच असं नाही. पण कमिशन न देणारं कॉलेज त्यांच्या यादीत यायचं कसं?

रविवारी दुपारी वाणसामानाची वही घेऊन आम्ही दोघी बसलो. आधी पाहिलं कॉलेजला मान्यता कुणाची. व्यवस्थापनाच्या कॉलेजांना तपासून मान्यता देणाऱ्या तीन मोठ्या संस्था आहेत: ए.ए.सी.एस.बी., इक्विस आणि अ‍ॅम्बा. कॉलेजच्या गुळगुळीत पुस्तिकेवर न विसंबता त्या संस्थांच्याच यादीत नाव शोधायचं. सल्लागाराचं कॉलेज तिन्हींत सापडलं नाही. वन्संचा चेहरा पडला. मी चहा टाकला.

मग देश. अमेरिकेत एम.बी.ए. बहुधा दोन वर्षांचं, इंग्लंडात एका वर्षाचं. फ्रान्सच्या इन्सिआदचं तर दहाच महिन्यांचं. वर्ष वाचतं म्हणजे फीबरोबर बुडणारा पगारही वाचतो, हे गृहिणीला सांगायला नको. पण इंग्लंडात शिक्षणानंतर नोकरीसाठी राहायची दोन वर्षांची सवलत १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळणार आहे. आणि लग्न झालेल्या मैत्रिणींनो, जानेवारी २०२४पासून तिथे अशा अभ्यासक्रमाला जाताना नवऱ्याला, मुलांना सोबत नेता येत नाही.

"जर्मनीत फी नसते ना?" वन्संनी विचारलं. इथेच पुष्कळजण फसतात. सरकारी विद्यापीठांत पदवीनंतरच्या नेहमीच्या मास्टर्सना बहुतेक ठिकाणी फी नाही, एम.बी.ए.ला मात्र सहसा असते. शिवाय राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो (हा आकडा सप्टेंबर २०२४चा) आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, ते बारा लाखांच्या घरात जातात. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना ए.पी.एस.चा दाखलाही लागतो. आणि आपली तीन वर्षांची बी.कॉम. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही, तेव्हा बी.कॉम. झालेल्यांनी ते आधीच विचारून घ्यावं.

इतका वेळ सासूबाई शेंगा सोलत गप्प होत्या. आता म्हणाल्या, "तिकडे नोकरी नाही लागली आणि परत आलीस, तर इथल्या पगारात हप्ता झेपेल का गं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता, खरंच सांगते. हिशेब मांडला. चाळीस लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता जवळजवळ त्रेपन्न हजार. शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळंच. वन्संचा आत्ताचा सगळा पगार मिळूनही तेवढा होत नाही.

वन्सं रुसल्या, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सासूबाईंना मात्र मुलीला अडवायचं नव्हतं. "जाऊ दे तिला, पण घर राखून," एवढंच त्यांचं म्हणणं. मग मीच त्यांना जे. एन. टाटा फंडाची माहिती आणून दिली. १८९२ साली सुरू झालेली ही परदेशी शिक्षणाची कर्जाऊ शिष्यवृत्ती. सुरुवातीच्या मानकऱ्यांत फ्रेनी कामा ही स्त्री डॉक्टर होती, हे वाचून वन्सं जरा हसल्या.

आता बेत असा: आणखी एक वर्ष नोकरी, पगारातली बचत, सकाळी जर्मनचा वर्ग, आणि एम.बी.ए.ऐवजी मालपुरवठ्याच्या व्यवस्थापनातलं मास्टर्स. इंग्लंड अजून वहीतून खोडलेलं नाही. फ्लॅटची कागदपत्रं पुन्हा कपाटात गेली आहेत, किल्ली सासूबाईंकडे आहे.