कागद मिळाला, पुढं काय?



या वेळचा अग्रलेख लांबच्या मुलखाचा आहे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून भाग आहे. पूर्वेला टेमर नदी, बाकी सगळा दर्या. तिथल्या लोकांना कॉर्निश म्हणतात. खाणीतून कथील-तांबं काढणं, मासेमारी, शेती हे त्यांचे जुने धंदे.

तुम्ही म्हणाल, ते तर गोरे, आपल्यावर राज्य केलेल्यांच्याच देशातले. त्यांचं आपल्याला काय? पण ऐका.

1497 साली राजानं लढाईसाठी कर लादला. तेव्हा एका लोहाराच्या आणि एका वकिलाच्या मागं हजारो कॉर्निश लोक थेट लंडनपर्यंत चालत गेले. तिथं हरले, दोन्ही पुढाऱ्यांना ठार केलं. 1549 साली देवाची प्रार्थना इंग्रजीतच करायची असा हुकूम निघाला. परत उठले, परत मारले गेले. पुढं त्यांची भाषाही मागं पडत गेली. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत ती घरातून जवळजवळ गेलीच. विसाव्या शतकात लोकांनी जुनी हस्तलिखितं धुंडाळून ती परत शिकायला घेतली.

24 एप्रिल 2014 ला ब्रिटिश सरकारनं कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. स्कॉटिश, वेल्श, आयरिश लोकांना जो दर्जा, तोच यांना. हे युरोप परिषदेच्या 1995 च्या करारानुसार झालं. त्या करारातलं एक कलम आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपण या समाजाचे आहोत की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सरकारनं कोणावर ओळख लादायची नाही.

मान्यता मिळाली, लोक खूश झाले. पण पुढं बघा. दोनच वर्षांत, एप्रिल 2016 मध्ये, सरकारनं कॉर्निश भाषेचा निधी बंद केला. 2021 च्या जनगणनेत 'कॉर्निश' असा छापील रकाना मागितला, तोही दिला नाही. स्वतःच्या विधानसभेसाठी 2001 साली 50,000 लोकांनी सह्या दिल्या होत्या, ती मागणी अजून तशीच पडून आहे.

मग ती मान्यता फुकट गेली का? आम्हाला तसं वाटत नाही. आता सरकारला करार कसा पाळला याचा अहवाल युरोप परिषदेला द्यावा लागतो. निधी बंद केला तर 'तुम्हीच सही केलीय' असं लोकांना तोंडावर सांगता येतं. आणि रकाना नसतानाही जनगणनेत हजारो लोकांनी 'इतर'च्या जागी स्वतःच्या हातानं 'कॉर्निश' लिहिलं. सरकारनं मोजायला टाळलं, तर यांनी स्वतःला मोजून दाखवलं.

रकान्याची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको. आणि दाव्याचा कागद हातात आला म्हणून गावाचं काम संपत नाही, हेही आपण रोज बघतो. कागद पेटीत ठेवला की साहेब विसरतो. घेऊन कचेरीत बसलं की त्याला आठवतं.

हा लेख गावसभेत वाचून दाखवा. मग एकच विचारा: आपल्या गावाला आजवर कोणकोणते कागद मिळालेत, आणि त्यातल्या कशाची अंमलबजावणी झाली? यादी करा. पुढच्या बैठकीला घेऊन या.

जिंदाबाद!