झाड पाडण्याआधी तीन प्रश्न

मे महिना सरत आला की बेळगाव-खानापूर भागात घरोघरी एक काम निघते. छपरावर झुकलेला फणस, विहिरीजवळचा वाळलेला नारळ, बांधावरची निलगिरी. ‘पावसाआधी पाडून टाकू’ असे ठरते आणि कोणीतरी ओळखीचा माणूस दोघा साथीदारांना घेऊन येतो. मजुरीवर आपण घासाघीस करतो. पण झाड कसे पाडणार, हे विचारत नाही. जिवाशी गाठ असते ती तिथेच.

एकाच बाजूने बुंधा सरळ आरपार कापत जाणे ही सर्वांत सोपी वाटणारी आणि सर्वांत घातक रीत. झाड कुठे पडणार हे मग वारा आणि फांद्यांचे वजन ठरवते. झाड मागे रेलले तर करवत आत अडकते. पुढे कललेले असेल तर त्याहून वाईट. काप पुरा होण्याआधीच बुंधा उभा चिरतो आणि मागची फाळ उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येते. पळायला वेळच मिळत नाही.

जाणकार माणूस झाड जिकडे पाडायचे त्या बाजूला आधी पाचरीच्या आकाराची खाच घेतो, बुंध्याच्या जाडीच्या साधारण पाव हिस्सा खोल. मग मागून, खाचेच्या टोकापेक्षा किंचित वर, कापत येतो आणि मध्ये जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची पट्टी तशीच राखतो. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी वळते आणि झाडाला वाट दाखवते. म्हणजे झाडावर ताबा राहतो तो न कापलेल्या लाकडामुळे. पोकळ किंवा कुजलेल्या बुंध्यात ही बिजागरी टिकत नाही. नारळाचे खोडही बाहेरून टणक, आतून मऊ. तिथे तिच्यावर फार विसंबू नये.

दोराचेही तसेच. दोर झाडाच्या उंचीहून आखूड असेल तर झाड ओढणाऱ्यांच्याच अंगावर येते. बघ्यांनी, विशेषतः मुलांनी, झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब थांबावे. कापणाऱ्याची मागे तिरपी निघण्याची वाट आधीच मोकळी हवी.

दाट वस्तीत झाड वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवतात. हल्ली त्यासाठी यंत्राची करवत सर्रास वापरतात. तिच्या पात्याचे टोक फांदीला टेकले तर ती उसळून तोंडावर येते. म्हणून शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर धरून ती चालवू नये. जवळून वीजतार जात असेल तर हेस्कॉमला कळवून वीज बंद झाल्याशिवाय फांदीला हात लावू नये; ओल्या फांदीतूनही झटका बसतो. शिवाय १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानुसार अनेक झाडांना वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तेव्हा वनखात्यात आधी चौकशी करावी.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ असे आपण म्हणतो. कन्नडातही कोडलीच्या दांड्याची तशीच म्हण आहे. त्या म्हणीत दुःख झाडाचे आहे. कुऱ्हाड धरणाऱ्याचे दुःख त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. म्हणून दर ठरवण्याआधी, मराठीत किंवा कन्नडात, तीन प्रश्न विचारा : झाड कुठे पाडणार? खाच कुठे घेणार? पळणार कुठून? उत्तर देता आले नाही तर त्या दिवशी झाड उभेच राहू द्यावे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी गेला पाहिजे.