जीपमधला टेप आणि दोन प्रकारचे भक्त

लोहाऱ्यात आमच्या घरासमोर कडुनिंबाखाली बाबांची जीप उभी असते. महिंद्राची, जुन्या विलिसच्या घडणीची. ताडपत्रीचं हूड, दारं नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी पडणारी. मागच्या दिवाळीनंतर तिच्यात स्टिरिओ बसवायचं मी ठरवलं आणि जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींना फोटो पाठवून सल्ला विचारला. पहिलंच उत्तर आलं, ‘गाडीचा खून करू नका.’ दुसऱ्या दिवशी यवतमाळात एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “भाऊ, मागची शीट काढून टाकू. बारा इंचाचे दोन बूफर बसते आरामात. चौकातून गेली तं काचा हालल्या पाहिजे.”

मला या दोघांशीही भांडायचं आहे. वरवर पाहता ते एकमेकांचे वैरी वाटतात, पण ते एकाच देवळातले भक्त आहेत.

आधी ‘ओरिजिनल’वाले. महिंद्राने १९४७ मध्ये विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे ती आमच्या भागात आली ती काही शोभेची वस्तू म्हणून नाही. जंगल खात्याने वापरली, प्रचाराला वापरली, जिनिंगवाल्यांनी कापसाच्या हंगामात गावोगाव पळवली. म्हातारी झाली तेव्हा ती बाबांसारख्यांच्या हाती आली आणि दारव्हा, दिग्रसची प्रवासी वाहतूक करू लागली. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसलं. माणसं मावेनात म्हणून वेल्डिंगवाल्याने मागे लोखंडी बाकडी जोडली. आणि प्रवासी दुसऱ्याच्या जीपमध्ये बसू नयेत म्हणून टेप आला. तुकडोजी महाराजांची भजनं, भीमगीतं, सिनेमाची गाणी. ज्याचा टेप चांगला, त्याची जीप आधी भरायची. आता सांगा, यातली कोणत्या दिवशीची जीप ओरिजिनल? कारखान्यातून निघाली त्या दिवशीचीच असेल, तर पुढची चाळीस वर्षं तिने जे केलं ते काय होतं?

आमच्याच भागातलं उदाहरण देतो. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला. तिचं मँचेस्टरहून आलेलं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये काढलं आणि डिझेल लावलं. लोकांनी तिला शकुंतलाच म्हटलं. गाडी बंद पडली तेव्हा लोक हळहळले ते इंजिन बदललं म्हणून नव्हे, जाणं-येणं थांबलं म्हणून.

मोटारीतल्या संगीताचा इतिहासही याच बाजूने बोलतो. १९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विनच्या कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा रेडिओ विकायला काढला. तो गाडीसोबत येत नव्हता. घेतलेल्या गाडीत बाहेरून आणून बसवावा लागे. म्हणजे गाडीतलं गाणं हे जन्मापासूनच मागाहून जोडलेलं आहे. ज्याला ते अपवित्र वाटतं त्याने इतिहासाच्या नावाने बोलू नये.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात जपलेली हवी, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. त्या नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला, दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला नाही. ज्यांना असं जपायचं आहे त्यांनी खुशाल जपावं, संग्रहालयंही लागतातच. पण ज्या जीपने माणसांना माहूरच्या रेणुकेला नेलं, तिला फक्त रॅलीपुरती जिवंत ठेवणं हाच एकमेव आदर आहे, हे मला मान्य नाही.

त्यांचं एक म्हणणं मात्र मी मानलं. डॅशबोर्ड कापायचा नाही. जीपचा डॅशबोर्ड म्हणजे सपाट पत्रा. नेहमीच्या स्टिरिओसाठी त्यात साधारण १८० बाय ५० मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं, आणि ते बुजत नाही. जे उद्या काढून टाकता येतं ते बसवावं, जे परत येत नाही ते कापू नये. एवढा नियम मला पुरतो.

आता बूफरवाले. त्यांना आधी एक साधी गोष्ट कळायला हवी, की जीपला खोली नाही. बंद गाडीत काचा आणि छत मिळून खालचे स्वर फुगवतात, लहान स्पीकरही भरदार वाजतो. उघड्या गाडीत तो फायदा शून्य. आवाज निघाला की रस्त्याचा झाला. मग दुकानदार म्हणतो, वॅट वाढवा. आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. ५० वॅटचे ५०० वॅट करा, तेव्हा कुठे दुप्पट. आणि १२ व्होल्टवर ५०० वॅट म्हणजे ४० अँपिअरच्या वर. जुन्या जीपचा डायनॅमो गाडी उभी असताना बॅटरीत काही घालतच नाही. जुन्या घडणीत इंधनाची टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि तिच्याच बाजूने हे लोक बिनफ्यूजची जाड वायर ओढतात. गाडीचा खून म्हणायचा तर याला म्हणा.

पण माझी खरी तक्रार विजेची नाही. उघड्या गाडीतलं गाणं कधीच खासगी नसतं. ते पानठेल्यावरचा माणूस ऐकतो, अभ्यासाला बसलेली पोरगी ऐकते, एमआयडीसीतल्या रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपलेला कामगार ऐकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. नियम बहुतेकांना ऐकून माहीत आहे. बाबांना नव्हता. त्यांची मर्यादा वेगळी होती. दवाखाना आला की टेपचा आवाज कमी. शाळा आली की कमी. समोरून मयत दिसली की टेप बंद, जीप बाजूला, आणि माणसं पुढे जाईपर्यंत इंजिनही बंद. गाणं अर्ध्यात तुटलं म्हणून एकाही प्रवाशाने कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. बाबांचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा त्या बटणाच्या आसपास असायचा. आजच्या बूफरच्या गाडीत सगळं असतं, फक्त तो हात नसतो.

म्हणून म्हणतो, दोघं एकाच देवळातले. एकाला जीप बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी हवी, दुसऱ्याला ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरवायला. आत कोण बसलंय, त्याला काय ऐकायचंय, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

आमच्या जीपमध्ये बाबा बसतात. सगळी वर्षं दार नसलेल्या गाडीत वारा आणि डिझेल इंजिन कानावर घेतल्यामुळे त्यांचा उजवा कान जवळजवळ गेला आहे. डावा थोडा चालतो. मी शेवटी बाजूच्या सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत एक लहान अँप्लिफायर ठेवला. बॅटरीजवळच फ्यूज टाकला. पावसाधुळीत टिकावेत म्हणून कागदी नव्हे, प्लास्टिकच्या पडद्याचे दोन स्पीकर घेतले आणि ते सीटच्या नळीला पट्ट्यांनी बांधले, तोंड आतल्या बाजूला करून. एकही भोक पाडलं नाही. गाणी फोनवरून लागतात. हौशी मंडळींना हा खूनच वाटेल, दुकानातल्या पोराला खेळणं.

पहिल्या संध्याकाळी बाबांना बाजूला बसवलं आणि दारव्हा रस्त्याने निघालो. त्यांच्या जुन्या कॅसेटमधलं खंजिरीचं भजन लावलं. ऐकू येत नसेल म्हणून मी आवाज वाढवत गेलो. ते थोडा वेळ बोटांनी गुडघ्यावर ताल धरून होते. मग वाकून फोनकडे बोट दाखवलं.

“कमी कर थोडा. तू काय म्हणून रायला ते आयकू येत नाही मले.”

मी काहीच म्हणत नव्हतो. तरी आवाज कमी केला आणि बोलायला लागलो.