वादाची शिस्त सातवीतच लावायला हवी

ब्रिटिश लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947 मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगीन युरोपची शिक्षणपद्धती मुलांच्या वाढीशी जोडून दाखवली. पाठांतराची आवड ओसरते आणि मूल मोठ्यांना प्रतिप्रश्न करू लागते, ते वय तर्काचे. अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती शाळा आज या पायावर उभ्या आहेत. सातारा, सांगली, मिरज भागातल्या मिशनचा वारसा असलेल्या शाळांनी सहावी ते आठवीसाठी ही पद्धत घ्यावी, मात्र ग्रंथ मराठी घ्यावेत.

या मातीला ती परकी नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडायचे आणि मगच खोडायचे, ही आपल्या शास्त्रपरंपरेची शिस्त. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिच्याच बळावर, धर्मशास्त्राचा आधार देत अस्पृश्यतेला विरोध केला. ख्रिस्ती मराठी ग्रंथांचीही वाण नाही. फादर स्टीफन्स यांचे सुमारे 11 हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. ना. वा. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. येशूजन्माचा एकच प्रसंग या तिन्ही ग्रंथांत कसा येतो, कोणी काय वाढवले, कोणी काय गाळले आणि का, हे सातवीतल्या मुलाने पुराव्यानिशी सांगावे.

यातून धर्मप्रसार होईल, ही शंका रास्त आहे. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचे 28 वे कलम सांगते. म्हणून हे ग्रंथ साहित्य म्हणून वाचावेत आणि गुण युक्तिवादाला द्यावेत. श्रद्धेची कबुली कोणाकडूनही मागू नये. शास्त्राध्ययन मूठभरांचीच मिरास होते, हा आक्षेप त्याहून गंभीर आहे आणि इतिहास त्याच्या बाजूने आहे. त्याचे उत्तर सातारा जिल्ह्यातच मिळते. 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका वसतिगृहात आणली. अभ्यासाची शिस्त वाईची घ्यावी, प्रवेशाचा नियम कर्मवीरांचा. ओझे वाढेल म्हणाल, तर नवा विषय नकोच; मराठीच्या आठवड्यातल्या दोन तासिका पुरतील. विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे, ही लोकशाहीतल्या नागरिकाची पहिली पात्रता आहे. ती मतदानाच्या वयात अचानक येत नाही.